पांढऱ्या चकत्या

३ मार्च, मंगळवार

आज कामावर परत गेले. बेचाळीस दिवस रजा झाली. साडेआठला पोहोचले, बाराला डबा खाल्ला, पाचला निघाले. अठ्ठावीस बिया कापल्या.

मला डायरी लिहायची सवय नाही. पण धाकटा भाऊ रोज संध्याकाळी घरी जाताना दहा मिनिटं माझ्याकडे थांबायचा आणि दिवसाचं सगळं सांगून व्हायचं. तो गेल्यापासून ती दहा मिनिटं जात नाहीत, म्हणून लिहिते आहे.

कारखान्यात अ‍ॅव्होकाडोच्या गराचं तेल काढतात. बिया आवारात ढीग लावून टाकून देतात. धाकट्याने दोन वर्षांपूर्वी मालकांना पटवलं की बियांचा अर्क काढून बघू. बीमध्ये पॉलिफेनॉल नावाची द्रव्यं असतात, गरापेक्षा कितीतरी जास्त. शरीरातली सूज, झीज कमी करायला ती उपयोगी पडू शकतात, असं तो सांगायचा. मी कुणाला सांगताना "उपयोगी पडतात" म्हटलं की लगेच टोकायचा, "ताई, पडू शकतात. अजून पुष्कळ बघायचंय." तो वरच्या मजल्यावर प्रयोगशाळेत, मी खाली तयारीच्या खोलीत. बिया सोलायच्या, पातळ चकत्या करायच्या, गोठवून सुकवायला द्यायच्या. एवढंच माझं काम.

माझी सुरी कुणीतरी खणात टाकून दिली होती, धारेवर गंज. ती घासण्यात अर्धा तास गेला.

तेलाच्या यंत्रावरचे मामा दारात येऊन उभे राहिले. धाकट्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, ते बरं वाटलं. म्हणाले, "आलात? सुटलो. त्या पॅकिंगच्या पोरींनी तुमच्या मागे बिया कापल्या, जशा काही उंदरांनी कुरतडल्यात."

वर एक नव्या बाई आल्या आहेत, त्याच्या जागी. तिशीच्या असतील. त्याच्या खुर्चीवर बसत नाहीत, कोपऱ्यातलं स्टूल ओढून घेतलं आहे. मी चकत्यांचे ट्रे घेऊन गेले तेव्हा उठून उभ्या राहिल्या. मला अवघडल्यासारखं झालं.

६ मार्च, शुक्रवार

मंगळवारच्या चकत्या सुकून आल्या, त्यांचा अर्क निघाला आणि आज मोजणी झाली. नव्या बाई धावत खाली आल्या, हातमोजे तसेच. "बाई, आकडा आला! एकशे सोळा!"

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. धाकट्याच्या वह्यांमध्ये प्रत्येक वेळी एक ग्रॅम पावडरीत एकशे पंधरा ते एकशे वीस मिलिग्रॅम पॉलिफेनॉल, असा आकडा आहे. या आल्यापासून सहा वेळा करून बघितलं, एकदाही बासष्ट-त्रेसष्टच्या वर गेला नाही. मालक रोज विचारत होते. बाई रात्रीच्या झोपेला मुकल्या होत्या, असं त्यांनीच सांगितलं. आणि आज मी कापलेल्या बियांचा आकडा बरोबर आला.

"तुमच्या हातात काय आहे हो?" म्हणाल्या आणि हसल्या. धाकटाही हेच म्हणायचा.

घरी येताना पाव घेतला. बऱ्याच दिवसांनी भूक लागली होती.

९ मार्च, सोमवार

आज नव्या बाई सकाळपासून माझ्याजवळ उभ्या होत्या. वही, पेन, घड्याळ. म्हणाल्या, "तुमच्यावर अविश्वास नाही. पण तुम्ही जे करता ते मला लिहून काढायचंय, म्हणजे उद्या कुणीही केलं तरी तोच आकडा यायला हवा." बोलायला फार नीट आहेत. प्रत्येक वाक्य आधी घासून पुसून आणल्यासारखं.

मी त्यांच्यासमोर वीस बिया कापल्या. सोलल्या, चकत्या केल्या, ट्रेमध्ये पसरल्या. त्या वेळ लिहीत होत्या. बी चिरल्यावर पाच मिनिटांतच लालसर व्हायला लागते, तशा झाल्या. बाई म्हणाल्या, "मागच्या वेळच्या तर अगदी पांढऱ्या होत्या." मी म्हटलं, "कधी कधी राहतात."

खरं तर मी एरवी चकत्या टबातल्या पाण्यात बुडवून काढते. आज काढला नाही तो टब. का काढला नाही, हे लिहून ठेवते.

सुरुवातीला धाकटा एकदा माझ्यावर भडकला होता. कधी आवाज चढवायचा नाही, पण त्या दिवशी ट्रे आपटला. "ताई, ही लाल झालेली बी मला नको. लाल झाली म्हणजे हवेने खाल्ली. यातली द्रव्यं गेली. मला पांढरी पाहिजे." मला फार लागलं. खाली गराच्या विभागात बायका गर हिरवा राहावा म्हणून व्हिटॅमिन सीची पावडर टाकतात. सगळे तिला सी-पावडर म्हणतात. मी दोन चमचे मागून आणली, टबभर पाण्यात विरघळवली आणि चकत्या कापल्या कापल्या त्यात बुडवल्या. पांढऱ्याशुभ्र राहिल्या. त्याने ट्रे बघितला आणि म्हणाला, "जादू आहे तुझ्या हातात." मी काही बोलले नाही. त्याच्या वहीत लिहायचं ते शास्त्र, आपलं हे स्वयंपाकघरातलं. आणि जादू म्हटलेलं आवडलंही होतं. पुढे दोन वर्षं तसंच चाललं.

आज बाईंसमोर तो टब काढायची लाज वाटली. शिकलेल्या बाई, हातात घड्याळ, आणि मी म्हणणार की मी बिया सरबतात बुडवते.

११ मार्च, बुधवार

एकसष्ट.

१२ मार्च, गुरुवार

मालक प्रयोगशाळेत आले होते. मी ट्रे न्यायला वर गेले होते, मला बघून "थांबा तुम्हीही" म्हणाले.

पुढच्या बुधवारी, अठरा तारखेला, औषधं बनवणाऱ्या एका कंपनीची दोन माणसं येणार आहेत. त्यांना आमचा अर्क घ्यायचा आहे, एकशे अठराच्या आकड्यावर. गेल्या महिन्यात मालकांनी धाकट्याचा अहवाल त्यांना पाठवला. लोकांना किती गोळी द्यायची हे ते त्याच आकड्यावरून ठरवणार. प्रयोगशाळेच्या दारावर धाकट्याच्या नावाची पाटी लावायची, हेही मालकांच्या मनात आहे. पितळेची. माझ्या भावजयीला त्यांनी फोन करून सांगितलं होतं.

मालक म्हणाले, "ताईंच्या हातचं कापलं की येतो, एरवी येत नाही, ही काय भानगड आहे?"

बाई म्हणाल्या, "यांच्या हातचंसुद्धा दुसऱ्यांदा आलं नाही सर."

"म्हणजे तुमच्या मोजणीत घोळ आहे."

"मी माझं यंत्र तीनदा तपासलंय."

"मग दोनच गोष्टी उरतात. एक तर तुम्हाला काम येत नाही, नाहीतर गेलेल्या माणसाने आकडे रचले." आणि माझ्याकडे बघून लगेच हात जोडले, "माफ करा. मी तसं म्हणत नाहीये. तो माणूस सोन्यासारखा होता. म्हणून तर पहिली गोष्ट मला जास्त खरी वाटते." बाईंना म्हणाले, "बुधवारी पाहुण्यांसमोर आकडा येऊ दे. नाही आला तर मला दुसरं कुणी बघावं लागेल. राग मानू नका."

ते गेल्यावर बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी निघाले तर म्हणाल्या, "बसा ना." मी बसले. त्या स्वतःशी बोलल्यासारखं बोलत होत्या. "ते खोटं लिहिणाऱ्यातले नव्हते, अक्षरावरूनच कळतं. खाडाखोडसुद्धा दिसेल अशी ठेवलीय. मग काय? हे आपलं मोजायचं पिवळं द्रावण, ते तसं आंधळं असतं बघा. त्याला पॉलिफेनॉल कळत नाही. जे समोर येऊन त्याला निळं करेल ते सगळं ते मोजतं. साखरेने थोडं होतं, व्हिटॅमिन सीने तर भरपूर. पण बीमध्ये व्हिटॅमिन सी एवढं कुठून येणार?"

मी हो म्हटलं. हातातला ट्रे टेबलावर ठेवला, परत उचलला. काय न्यायला आले होते ते विसरले.

१३ मार्च, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत वर कोणी नव्हतं. मी खालून टब घेऊन गेले. दोन चमचे पावडर, टबभर पाणी, नेहमीसारखं. बी नाही, चकती नाही, काही नाही. त्यातले दोन थेंब परीक्षानळीत घातले, वर पिवळं द्रावण, मग सोड्याचं पाणी. धाकट्याला शंभर वेळा करताना बघितलं आहे. अर्धा तास थांबायचं असतं.

अर्धा तास थांबावंच लागलं नाही. नळी निळी झाली. शाईसारखी. पलीकडचं काही दिसेना.

मी ते मोरीत ओतलं आणि नळी चार वेळा धुतली. टब खाली नेऊन पालथा ठेवला. मामा समोरून आले. "काय बाई, चेहरा असा का? त्या बीची पावडर खाल्लीत की काय? मी खाल्ली चमचाभर. आठवडाभर तोंड कडू होतं आणि टक्कल होतं तसंच."

मी हसले बहुतेक.

म्हणजे दोन वर्षं तो माझं पाणी मोजत होता.

१४ मार्च, शनिवार

सुट्टी. घर झाडलं. खिडक्या पुसल्या. कपाटातली भांडी काढून परत लावली.

बोलले नाही तर काय होईल, ते लिहून बघते. सोमवारी मी टबात बुडवून चकत्या करीन, बुधवारी एकशे सोळा येईल. पाहुणे खूश, मालक खूश, बाईंची नोकरी राहील. पाटी लागेल. कुणाला कधी कळणार नाही. पण गोळीतलं अर्धं औषध म्हणजे माझं सरबत असेल. आणि पुढे कोणीतरी हुशार माणूस शोधून काढेलच. तेव्हा म्हणतील, त्याने रचलं.

बोलले तर त्याने रचलं नाही हे सिद्ध होईल. पण त्याची दोन वर्षं गेली, तीही माझ्यामुळे, हेही सिद्ध होईल. पाटीवर नाव येणार ते एका चुकीच्या आकड्याच्या माणसाचं.

तो असता तर काय म्हणाला असता, हे ठरवता येत नाही. सहसा रागावायचा नाही, त्यामुळे अंदाज येत नाही.

गेल्या डिसेंबरमध्ये एकदा इथे बसून चहा पिताना त्याने विचारलं होतं, "ताई, बिया कापून झाल्या की काय करतेस गं तू?" मी म्हटलं, "काय करणार, ट्रेमध्ये लावते." त्याने कप खाली ठेवला, माझ्याकडे बघत राहिला आणि हसला. मग म्हणाला, "बिस्किटं संपली वाटतं." मी उठून दुसरा पुडा काढला. असलं काहीतरी बारीकसारीक विचारायची त्याला सवयच होती. ते आता आठवलं इतकंच.

१५ मार्च, रविवार

भावजयीकडे गेले. ती दोन गल्ल्या पलीकडेच राहते. शाळेच्या वह्या तपासत बसली होती, मोठा ढीग. मला बघून वह्या बाजूला सारल्या आणि तो बसायचा ती खुर्ची दिली. मला त्यावर बसवेना, पण बसले.

ती म्हणाली, "ताई, पाटीवर पदवी लिहायची की नुसतं नाव? मालकांनी विचारलंय."

मग मी सांगितलं. सगळं, टबापासून नळीपर्यंत. मला एका दमात इतकं बोलायची सवय नाही, मध्येच पाणी मागितलं.

तिने पाणी आणून दिलं. बराच वेळ लाल पेनाचं टोपण काढत-घालत होती.

"हे कुणाला सांगितलंत?"

"तुलाच."

"मग आता सांगू नका."

"अगं, बुधवारी त्या बाईंची नोकरी जाईल."

"त्यांना दुसरी मिळेल. तरुण आहेत." तिने टोपण घट्ट बसवलं. "ताई, माझ्याकडे त्यांचं काय उरलंय सांगा ना. मूल नाही. घर भाड्याचं. त्यांनी एक काम केलं, ज्याच्याबद्दल लोक येऊन दोन चांगले शब्द बोलतात. तेवढंच आहे. तेही तुम्हीच घेणार?"

मी म्हटलं, "चूक माझी आहे. मी माझं नाव सांगीन."

"तुमचं नाव पाटीवर आहे का? लोक तुमच्याबद्दल नाही बोलणार. म्हणतील, एवढा शिकलेला माणूस, बहीण पाण्यात काय घालते तेसुद्धा बघितलं नाही." मग एकदम म्हणाली, "तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत? एक शब्द. 'पाण्यात पावडर टाकते.' एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही दोघं बहीणभाऊ सारखेच. तोंडातून शब्द काढायचा म्हणजे जसा काही दात उपटायचा."

मी पेला ठेवून उठले. जिन्यापर्यंत ती आली नाही. एरवी येते.

१७ मार्च, मंगळवार

बाईंनी उद्याची तयारी केली. टेबल, नळ्या, पांढरे कोट. पाहुण्यांसमोर बिया कापायच्या, सगळी पद्धत दाखवायची, आणि आधी सुकवून ठेवलेल्या पावडरीची मोजणी त्यांच्यासमोर करायची, असं मालकांनी ठरवलं आहे. मालक जाताना माझ्या कानाशी म्हणाले, "ताई, त्या शुक्रवारी आकडा आलेली पावडर शिल्लक आहे ना, तीच मोजू द्या. बाईंना सांगितलंय मी." म्हणजे माझी, बुडवलेली.

बाईंचं तोंड उतरलेलं होतं. मला म्हणाल्या, "मी उद्या तीच मोजणार आहे. आकडा येईल. पण का येतो ते मला माहीत नसेल. असं मी आजवर केलेलं नाही."

पाच वाजता सुरीला धार लावून ठेवली. भावजयीला फोन केला, तिने उचलला नाही.

१८ मार्च, बुधवार

जसं झालं तसं लिहिते.

पाहुणे अकराला आले. एक वयस्क गृहस्थ, कमी बोलणारे, आणि एक त्यांच्या हाताखालच्या बाई, सारखं टिपून घेणाऱ्या. मालकांनी त्यांना आधी तेलाची यंत्रं दाखवली. मग सगळे माझ्या खोलीत आले. पाच माणसं आली की ती खोली भरते. मामा दारातून मान आत घालून बघत होते.

मालक म्हणाले, "या आमच्या ताई. यांच्या हातात जादू आहे."

मी बी घेतली. साल काढली. चकत्या केल्या. मग टेबलाखालून टब काढला आणि मधोमध ठेवला. सकाळीच भरून ठेवला होता. पावडरीचा डबाही काढून बाजूला ठेवला, लेबल पाहुण्यांकडे करून. आणि चकत्या एक एक करून पाण्यात सोडल्या.

चकती दोनदा हातातून निसटली.

नव्या बाईंनी आधी टबाकडे बघितलं, मग डब्याकडे. त्यांच्या तोंडातून "अरे देवा" एवढंच निघालं, तेही हळू.

वयस्क गृहस्थांनी विचारलं, "हे काय आहे?"

मी म्हटलं, "व्हिटॅमिन सीचं पाणी. बी लाल होऊ नये म्हणून. दोन वर्षं मी असंच करते. माझ्या भावाला माहीत नव्हतं. मी त्याला सांगितलं नाही. त्याने जे मोजलं ते बरोबर मोजलं. मी दिलं तेच चुकीचं होतं."

बोलून झाल्यावर पाण्याकडे बघत राहिले. चकत्या तळाशी बसल्या होत्या, पांढऱ्या.

मालक म्हणाले, "ताई, हे आत्ता? आत्ता बोलायचं होतं?" त्यांचा चेहरा असा झाला होता की मला त्यांचीही दया आली. गृहस्थांनी त्यांना हाताने थांबवलं आणि आमच्या बाईंना विचारलं, "पाण्यात न बुडवता आकडा किती येतो?"

बाईंनी सांगितलं, "एकसष्ट ते त्रेसष्ट. सात वेळा केलंय." आवाजात जोर होता. पहिल्यांदाच ऐकला.

गृहस्थांनी ते लिहून घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, "त्रेसष्टही वाईट नाही. पण मग सगळं हिशेबात परत बसवावं लागेल. आम्ही कळवू." आणि निघताना माझ्याकडे वळून म्हणाले, "बरं झालं, गोळ्या बनायच्या आधी कळलं." जेवायला थांबले नाहीत. मालकांनी मागवलेलं जेवण मामांनी आणि पॅकिंगच्या पोरींनी खाल्लं.

दुपारी मालकांनी बोलावलं. उभंच ठेवलं. "तुम्हाला काढून टाकायला हवं, पण तुमच्यावर आधीच एवढं कोसळलंय." ते म्हणाले, "आणि तुमच्या भावाने तरी एकदा खाली उतरून बघायला नको होतं?"

भावजय म्हणाली होती तेच. मी नमस्कार करून खाली आले. टब रिकामा केला.

२० मार्च, शुक्रवार

नव्या बाईंनी आज मोठा फ्रीझर आवरायला घेतला. नव्याने सगळं सुरू करायचं म्हणून जुन्या पिशव्या बाहेर काढत होत्या. अगदी खालच्या खणात, बर्फात चिकटलेली एक पिशवी मिळाली. त्यावर धाकट्याचं अक्षर. तारीख २९ डिसेंबर. खाली "स्वतः कापल्या".

पिशवीतल्या चकत्या लालसर आणि जाड होत्या, ओबडधोबड. त्याला कापता यायचं नाही. घरी टोमॅटोसुद्धा असाच कापायचा.

बाईंनी त्या तारखेची वही काढली. त्या पानावर पेनने काही नव्हतं. कोपऱ्यात पेन्सिलने त्रेसष्ट लिहिलं होतं आणि त्याखाली एक ओळ, "घाई नाही. सावकाश बोलायचं." बाईंनी अहवालाची मूळ प्रतही काढून आणली, मालकांनी जिची नक्कल पुढे पाठवली ती. शेवटच्या पानावर त्याच्या सहीची जागा रिकामी आहे. तीन आठवडे तो अहवाल त्याच्या खणात पडून होता. मालक विचारायचे तेव्हा म्हणायचा, अजून एकदा बघतो.

बाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "डिसेंबरात माझा अंगठा दुखत होता. सुरी धरवत नव्हती. म्हणून त्याने एखादा दिवस स्वतः कापल्या असतील."

त्यांनी वही हळूच मिटली. मग म्हणाल्या, "हो. तसंच असेल."

"आणि सावकाश बोलायचं, ते मालकांशी असेल. पगारवाढीचं वगैरे."

"असेल ताई." आज पहिल्यांदाच त्यांनी मला ताई म्हटलं. एरवी बाई म्हणतात. मग म्हणाल्या, "मी मालकांना हे पान आणि ती न केलेली सही दाखवणार आहे. तुमच्या भावाने आकडे रचले असं या इमारतीत आता कुणी म्हणणार नाही."

त्यांनी ती पिशवी फेकली नाही, परत खणात ठेवली. मी बराच वेळ जिन्यात उभी होते. त्याने डिसेंबरात माझ्या अंगठ्याबद्दल विचारल्याचं मला आठवत नाही. पण विचारलंही असेल.

संध्याकाळी भावजयीचा फोन आला. बाईंनीच तिला कळवलं होतं म्हणे. आधी शाळेचं काहीतरी बोलली, सर्दी झाली आहे म्हणाली. मग म्हणाली, "ताई, मालकांना सांगा, पाटी नको."

मी म्हटलं, "बरं."

"पण ते पान असलेली वही मला हवी. त्यांना विचारा, देतील का."

"विचारते."

"आणि तुमचा अंगठा..." म्हणाली आणि थांबली. "तुमचा अंगठा कधी दुखत होता हो? मला तर काही आठवत नाही."

मी म्हटलं, "होता थोडा." तिने पुढे काही विचारलं नाही. रडत होती की सर्दीच होती, कळलं नाही. ठेवताना म्हणाली, "रविवारी या. वह्या तपासायच्या आहेत, पण या."

२१ मार्च, शनिवार

सुट्टी होती, पण बाईंना प्रयोगांची नवी मालिका सोमवारपासून हवी आहे, म्हणून मीच जाऊन आले. कारखाना बंद. पहारेकऱ्याने कुलूप काढून दिलं.

चाळीस बिया कापल्या. पाणी नाही. बाईंनी लिहून दिलेल्या कागदाप्रमाणे, एक एक वेळ टिपून. सोलल्या, चकत्या केल्या, वीस मिनिटांत फ्रीझरला. तरी लाल व्हायच्या त्या झाल्याच. आधी शेंदरी, मग विटकरी. मी कधी एवढा वेळ बघत राहिले नव्हते. मला वाटायचं लाल होणं म्हणजे खराब होणं. बाई म्हणतात, ती द्रव्यंच रंग बदलतात, थोडी जातात, बरीच राहतात. जेवढी राहतात तेवढी मोजायची.

बारा वाजता झालं. टेबल पुसलं, सुरी धुऊन जागेवर लावली.

घरी येऊन बघितलं तर पांढऱ्या कोटाच्या बाहीपासून पोटापर्यंत बियांच्या रसाचे डाग. दोन वर्षांत एकही पडला नव्हता. मोरीत कोट भिजत घातला, साबण लावला, ब्रशने घासला. पाणी तांबडं झालं, ते ओतून दुसरं घेतलं. तिसऱ्या पाण्यालाही डाग निघाला नाही, फिका झाला फक्त. सोमवारी हाच घालायचा आहे, म्हणून पिळला, झटकला आणि मागच्या खिडकीत उन्हाला टाकला.